टोकं आत खोचलेली पट्टी

ज्या घरी माणूस गेलं, त्या घरी थोआ रडायला जात नसे, विचारायला जात असे. काखेत पांढऱ्या कापडाचा गठ्ठा, कमरेला कात्री, गालात पानाचा तोबरा. उंबऱ्याशी बसकण मारायची, तोबरा बाहेर थुंकायचा आणि जो समोर येईल त्याला विचारायचं, "मेलेला तुझा कोण?"

मुलगा म्हणाला की लांब पट्टी. नातू म्हणाला की आखूड, तीवर निळा ठिपका. उत्तर मिळालं की कात्रीने फक्त एक चीर द्यायची, पुढचं कापड हाताने टर्रकन फाडायचं. सुतकाच्या पट्टीला शिवण नसते, काठ दुमडलेला नसतो. सुतं लोंबलीच पाहिजेत. मग ती पट्टी कपाळावरून मागे नेऊन गाठ मारायची, आणि खरी कसोटी तिथे होती. बाप गेला पण आई आहे, तर मागे लोंबणारं एक टोक लांब आणि एक आखूड. दोघंही गेले असतील तर टोकं सारखी. पाठमोऱ्या माणसाकडे नुसतं बघितलं तरी कळावं, की याच्या घरी अजून कोण उरलंय.

राच मीतच्या बाजारात तिचं दुकान म्हणजे चार बांबूंवर एक ताडपत्री. एका बाजूला मासळीच्या आंबवणीचे रांजण, दुसऱ्या बाजूला साऊ मावशीची शेवयांच्या रश्श्याची चूल. मावशीकडे गर्दी मावत नसे, थोआकडे कुणी उगाच रेंगाळत नसे. मुलं धावत आली तर आया दंड धरून ओढून न्यायच्या. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तर थोआ घराबाहेरच पडत नसे. त्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं यावर लोकांचं अख्खं वर्ष ठरतं, आणि तिचं पाऊल कुणाला हवं असणार?

"तुझ्या शेजारी दुकान घेतलं आणि माझं नशीब फुटलं," साऊ मावशी दर दोन दिवसांनी म्हणायची.

"अगं, मरायच्या आधी लोकांना तुझा रस्सा प्यावासा वाटतो, हे काय कमी आहे?" थोआ म्हणायची. "तू पाज, पुढचं मी बघते."

हा धंदा तिच्या आईचा. लहानपणी पुराच्या दिवसांत खाडीकाठच्या पाणमाडांच्या मुळांत एक प्रेत अडकलं होतं. लोक काठावरून बांबूने ढोसत होते, पाटील ओरडून विचारत होता, "याचं कुणी आहे का?" कुणी बोलेना. तेव्हा थोआच्या आईने खांद्यावरचा गठ्ठा उतरवला, एक पट्टी फाडली आणि स्वतःच्या डोक्याला बांधली. नवरा धडधाकट जिवंत असताना! घरी सासूने तिच्या हातचं जेवण सोडलं. थोआने घाबरून विचारलं, "आई, का बांधलंस?" आई म्हणाली, "मेलेल्याला 'कुणी नाही' म्हणून पाठवायचं नसतं. ज्याचं कुणी नाही, त्याचे कापडवाले. हे पटत नसेल तर उद्यापासून भाजी विक."

थोआने भाजी विकली नाही. पण अशा घरची मुलगी करणार कोण? तो प्रश्न लिएमने सोडवला. लिएम होड्यांच्या फटींत राळ भरायचा. मागणी घालायला आला तेव्हा त्याची नखंसुद्धा राळेने काळी होती. म्हणाला, "मी फटी बुजवतो म्हणून लोक बुडत नाहीत. चुकून एखादी राहिलीच तर तू आहेस. दोघं मिळून गिऱ्हाईक सांभाळू." थोआची आई इतकी हसली की तिचं पान सांडलं.

संसार बरा झाला. मूल एकच जगलं, न्यान. पुढे राळेच्या धुराने लिएमला दमा लावला. उन्हाळा चढला की रात्र रात्र तो खांबाला पाठ टेकून बसायचा आणि छातीतून जुन्या भात्यासारखा आवाज यायचा. त्या सालापासून थोआने एक पळवाट काढली. बेवारशी मढ्यासाठी पट्टी फाडायची, पण डोक्याला न बांधता मनगटाला बांधायची. घरचं कुणी गेलेलं नसताना बाईने डोक्याला पांढरं बांधलं की ते नवऱ्याच्या जिवावर येतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आईने पाहिलं असतं तर कानाखाली वाजवली असती. पण आई आता नव्हती आणि लिएम होता.

न्यान मात्र कापडाला हात लावायची नाही. सरकारी मुलींच्या शाळेत शेवटच्या वर्गात होती, फ्रेंच बोलायची, आणि पास झाली की सायगावला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला जाणार होती. लिएम होडीखाली आडवा पडून राळ भरताना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमची न्यान बाई होणार, शाळेतली बाई!" थोआ बोलून दाखवत नसे. पण पोरगी बाई झाली की नव्या वर्षाला लोक आपण होऊन तिला घरात बोलावतील, पहिलं पाऊल टाक म्हणतील, हे चित्र तिने मनात कितीदा रंगवलं होतं कुणास ठाऊक.

एकोणीसशे सव्वीसच्या मार्चमध्ये सायगावहून येणाऱ्या मालाच्या होड्यांनी बातमी आणली. फान चू त्रिन्ह वारले.

त्यांना राच मीतमध्ये कुणी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं सगळ्यांनी होतं. राजाच्या दरबाराला आणि गोऱ्या फ्रेंच सरकारला दोघांनाही तोंडावर सुनावणारा माणूस. त्यापायी कोन लोनच्या तुरुंगबेटावर दगड फोडले, मग परदेशात वर्षानुवर्षं लोकांचे फोटो रंगवून, डाग काढून पोट भरलं. शेवटी घरी आला, तो जवळपास मरायलाच. लिएमला दगडांपेक्षा फोटोंचंच जास्त कौतुक. "एवढा शिकलेला माणूस," तो म्हणायचा, "आणि हाताने काम करून जेवला. हे आपल्यातलं झालं."

सायगावात अंत्ययात्रेला माणसांचा पूर आला, दुकानं बंद राहिली, आणि शाळेतल्या पोरापोरींनी बापासाठी बांधतात तशा पट्ट्या बांधल्या, ही बातमीही मागोमाग आली. त्याच संध्याकाळी न्यान वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन दुकानापुढे उभी राहिली. मुलींची पावलं त्या ताडपत्रीखाली पहिल्यांदाच पडत होती.

"मावशी, लांब पट्ट्या हव्यात," त्यांच्यातली धीट पोरगी म्हणाली.

"कुणाकडे गेलं कुणी?"

"फान आजोबा गेले ना."

"मग आखूड घ्या. निळा ठिपका लावून देते."

"आखूड नको," न्यान म्हणाली. "सायगावला सगळ्यांनी लांब बांधल्यात. ते आमचे बाप होते."

थोआने कात्री खाली ठेवली. "तुझा बाप तिकडे होडीखाली पडून राळ भरतोय. इथवर खोकला ऐकू येतोय बघ. या सगळ्या जणींचे आईबाप जिवंत आहेत. मग मला सांग, टोकं कशी ठेवू? एक लांब ठेवलं तर एकाला मारलं, सारखी ठेवली तर दोघांना. दोन्ही जिवंत असलेल्याला बापाची पट्टी बांधायची गाठच नाही. माझ्या आईने शिकवली नाही, तिच्या आईने तिला शिकवली नाही."

"आई, ही जुनी खुळं आहेत."

"याच खुळांवर तुझी शाळा चाललीय."

साऊ मावशीने चुलीवरून झारा उगारला. "जा गं पोरींनो! आईबापांच्या जिवावर उठलेल्या मेल्या! परीक्षा जवळ आली की यांना देश आठवतो."

मुली गेल्या. न्यान रात्री जेवली नाही.

सकाळी थोआने गठ्ठा उलगडला आणि तिला कळलं. कापड कमी होतं, आणि कड सरळ होती. शेवटपर्यंत कात्री चालवलेली. फाडायचं असतं हेही कारटीला ठाऊक नाही, हा विचार आधी आला, आणि मग ती न्यानला हाका मारत सुटली. न्यान केव्हाच शाळेत गेली होती.

दुपारी लिएमला अशी उबळ आली की त्याला होडीखालून पाय धरून ओढून काढावं लागलं. ओठ निळे पडले होते. दर उन्हाळ्यात त्याला असंच होतं, हे थोआला माहीत होतं. तरी त्याची छाती चोळताना तिच्या डोळ्यांपुढे पोरीच्या डोक्यावरची ती पट्टीच होती.

"तरी मी म्हणत होते," साऊ मावशी गरम रश्श्याचा वाडगा ठेवत पुटपुटली. "शब्द परत घेता येतो, पांढरं परत घेता येत नाही."

"मावशी, मी अजून ऐकतोय," लिएम धापा टाकत म्हणाला. "तिखट जरा बेताचं टाकलंस ना?"

संध्याकाळी शाळेचा निरोप आला. पट्ट्या काढून घेतल्या आहेत. उद्या प्रत्येक मुलीने आईला किंवा बापाला घेऊन यावं, वर्गापुढे उभं राहून मोठ्याने म्हणावं, की मेलेला माणूस माझा कुणी नव्हता. पालकाने शेजारी उभं राहून ते ऐकावं. जी म्हणेल ती शाळेत राहील, जी म्हणणार नाही तिचं नाव कमी होईल.

थोआला खरं तर हायसं वाटलं. पट्टी उतरली. चार शब्द म्हणायचे की झालं. पोरगी बाई होणार, नवरा श्वास घेणार.

"मी नाही म्हणणार," न्यान म्हणाली.

"म्हणशील."

"खोटं आहे ते!"

"तू त्यांना एकदा तरी पाहिलंयस? त्यांनी तुला भाताचा घास भरवलाय? ज्याने भरवलाय तो बघ कसा बसलाय." थोआने खांबाकडे बोट केलं.

लिएमने दोघींकडे पाहिलं. बोलायला हवा पुरत नव्हती, म्हणून तो तुकड्या तुकड्यांनी बोलला. "माझ्यामुळे... काही करू नकोस. आणि माझ्यामुळे... काही करायचं सोडूही नकोस. पण आईला... एकटीला तिथे उभी करू नकोस."

न्यान बराच वेळ त्याच्या छातीचा आवाज ऐकत बसली. मग म्हणाली, "बरं. म्हणेन."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आया बसल्या होत्या, ठेवणीतले कपडे घालून, कुणी देवळात बसतं तशा. थोआ जाऊन बसली तशी एक जण हळूच सरकली. बेवारशाच्या पट्टीवालीला एवढ्या जवळून पाहायची तिला सवय नव्हती.

आत मुख्याध्यापिका मादाम रूसेल खुर्चीत होत्या, शेजारी दुभाष्या खान्ह मास्तर. खान्ह मास्तरांचे बूट नेहमी चकचकीत, आवाज नेहमी चढा. मादाम हळू बोलायच्या, खान्ह मास्तर त्यांचं बोलणं मोठं करून आपल्या भाषेत आणायचे, आणि येताना त्यात स्वतःची थोडी भर घालायचे.

पहिली ती परवाची धीट पोरगी. "कुणी नव्हता," असं म्हणून ती हमसून रडायला लागली. आईने तिला पंखाखाली घेतल्यासारखं बाहेर नेलं. तोवर शिपायाने फळा पुसायला घेतला. थोआचं लक्ष गेलं ते त्याच्या हाताकडे. त्याच्या हातात पट्टी होती. मुलींच्या डोक्यावरून उतरवलेल्या पट्ट्या फळ्याखालच्या फळीवर ढिगाने पडल्या होत्या, आणि तो त्यातली एकेक घेऊन खडू पुसत होता. सरळ कापलेली कड. तिला चिकटलेली पांढरी भुकटी.

सुतकाची पट्टी उतरवायचा दिवस असतो. माणसं जमतात, धूप लावतात, आणि ती जाळतात. तिने फळा पुसत नाहीत. थोआने नजर पोरीकडे वळवली. चार शब्द, की झालं.

"पुढे ये," खान्ह मास्तर न्यानला म्हणाले. "मादाम विचारतायत, ऐक नीट. मेलेला तुझा कोण?"

थोआने झटकन मान वर केली. हा तिचाच प्रश्न. उभा जन्म तिने हा प्रश्न उंबऱ्या-उंबऱ्यावर विचारला होता, आणि त्याचं उत्तर ऐकूनच हात चालवला होता. न्यानने आईकडे पाहिलं. थोआने मान हलवली. म्हण.

"कुणी नाही," न्यान म्हणाली.

"मोठ्याने!"

"कुणी नाही."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" खान्ह मास्तर वर्गाकडे वळले. आता मादाम काहीच बोलल्या नव्हत्या, हे सगळं मास्तरांचं स्वतःचं होतं. "त्याचं कुणी नाही! फोटोवाला म्हातारा मेला, संपलं. बेवारशी मढ्यासाठी कुणी सुतक धरतं का? बाई, तुम्हीच सांगा, हा तर तुमचा धंदा."

थोआने तोबरा गालातून बाहेर काढला. थुंकायला जागा नव्हती, म्हणून कमरेच्या रुमालात बांधला.

"धरतं," ती म्हणाली.

"काय?"

"बेवारशी मढ्यासाठी सुतक धरतं. मी धरते." ती फळ्याकडे गेली आणि शिपायाच्या हातातली पट्टी तिने काढून घेतली. तो बिचारा बघतच राहिला. तिने पट्टी एकदा, दोनदा झटकली, वर्गभर खडू उडाला. "ज्याचं कुणी नाही, त्याचे कापडवाले. माझ्या आईचा कायदा आहे. मुलीने म्हटलं कुणी नाही, तुम्ही म्हणालात कुणी नाही. मग तो माझा."

मनगट तिच्या मनातही आलं नाही. पट्टी कपाळावर ठेवली, मागे गाठ मारली आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली. तिचे आईबाप दोघंही गेलेले होते. हात चुकला नाही.

व्हरांड्यातून कुणी तरी किंचाळलं.

"बाई, वेड लागलंय का?" खान्ह मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नवरा जिवंत आहे ना तुमचा?"

"आहे तर! रात्रभर खोकत होता, अख्ख्या गल्लीला विचारा."

मादामनी काही तरी विचारलं. मास्तर फ्रेंचमध्ये पुटपुटले. मादामनी पुन्हा विचारलं.

"त्या विचारतायत," मास्तर म्हणाले, "तुमचं त्याच्याशी नातं काय?"

"सांगा त्यांना, पाण्यातून काढलेल्याशी काठावरच्यांचं जे नातं असतं ते. तेवढं फ्रेंचमध्ये बसत नसेल तर नुसतं 'घरचा' म्हणा."

न्यान जागची हलली. ती आईसमोर येऊन उभी राहिली आणि फळीवरच्या ढिगातून एक पट्टी उचलून तिने पुढे केली. "मी खोटं बोलले. मला बांध."

मादामना हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी बोट वर केलं आणि फ्रेंचमध्ये एक वाक्य बोलल्या, थंडपणे. न्यानला ते समजलं. खान्ह मास्तरांनी तरीही सांगितलं, आणि या वेळी भर न घालता: "बांधलीत तर ही मुलगी पुन्हा या शाळेत येणार नाही. कुठल्याच सरकारी शाळेत नाही."

थोआच्या हातात पट्टी होती. नव्या वर्षाचं ते पहिलं पाऊल, सायगावचं शिक्षण, होडीखालून ओरडणारा लिएम, सगळं त्या एवढ्याशा कापडावर येऊन थांबलं. एका बाजूला शाळा. दुसऱ्या बाजूला भात्यासारखी छाती. बापाची पट्टी, आणि बाप जिवंत. टोकं कशी ठेवू?

"आई, बांध."

"गप. विचार करू दे."

तिने पट्टी पोरीच्या कपाळावरून मागे नेली. गाठ मारली. एक टोक लोंबलं, दुसरं लोंबलं. तिने दोन्ही उचलली, गाठीखालून आत घेतली आणि बोटाने दाबून पट्टीत खोचून टाकली. मागे काहीच लोंबत नव्हतं. ना लांब, ना आखूड, ना सारखं.

"हे बघ," ती म्हणाली. "ज्यांचे आईबाप आहेत त्यांनी टोकं आत ठेवायची. बाप तुझा जागच्या जागी आहे. मोजायला कुणाला टोकच सापडायचं नाही."

"ही गाठ कुणी शिकवली?"

"कुणी नाही. आजपासून आहे."

दोघी बाहेर पडल्या. व्हरांड्यात मघाशी सरकलेली बाई म्हणाली, "मेले, स्वतःच्या पोरीचं वाटोळं केलंस!" थोआने तिच्याकडे पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या धीट पोरीची आई उठली. म्हटलेलं परत घ्यायला पोरीला तिने पुन्हा रांगेत उभं केलं आणि थोआची बाही धरली. "आत खोचतेस ती गाठ... पुन्हा एकदा दाखव. सावकाश."

भर दुपारी बाजारातून घरी जाताना थोआच्या एक गोष्ट ध्यानातच राहिली नाही. शाळेत काय झालं ते बाजाराला ठाऊक नव्हतं. बाजाराला दिसलं एवढंच, की थोआच्या डोक्यावर पांढरं आहे, टोकं सारखी आहेत आणि मागून पोरगी पांढरं बांधून येतेय.

साऊ मावशीच्या हातातून झारा रश्श्यात पडला. "गेला गं! माझा लिएम गेला!" तिने असा टाहो फोडला की आंबवणीवाला रांजण उघडा टाकून धावला. कुणी धूप उचलला, कुणी मूठभर तांदूळ. थोआ "अगं ऐक तरी" म्हणेपर्यंत सगळा बाजार पुढे निघून गेला होता, नदीकाठाकडे, मढं झाकायला.

मढं होडीखाली आडवं पडून राळ भरत होतं.

थोआ पोचली तेव्हा लिएम उठून बसला होता, चहूबाजूंनी माणसं, आणि साऊ मावशी त्याला धरून रडत आणि मारत होती. "मेल्या, जिवंत कसा तू! माझा रस्सा करपला ना!"

"मी मेलो," लिएम लोकांना म्हणत होता, "आणि मलाच कुणी कळवलं नाही?"

मग त्याला थोआ दिसली. त्याने आधी तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग तिच्या पाठीमागे जाऊन टोकं पाहिली, मग पोरीची पट्टी, तिला टोकंच नव्हती. लिएमने एक लांब श्वास घेतला, छातीने कुरकुर केली.

"शाळा?" त्याने विचारलं.

"गेली," न्यान म्हणाली.

थोआला वाटलं आता तो खाली बसेल. तो बसला नाही. त्याने काळी नखं चड्डीला पुसली आणि बायकोचाच प्रश्न बायकोला विचारला. "मेलेला तुझा कोण?"

"घरचा," थोआ म्हणाली.

"मग मला का नाही बांधलीस? माझे आईबाप दोघंही गेलेत. टोकं सारखी ठेव."

तिने तिथेच होडीला टेकून कापड फाडलं. आवाज नदीच्या पलीकडे गेला असेल. साऊ मावशी नाक ओढत म्हणाली, "मला पण. पण माझी आई आहे हं, बाप नाही. उगाच तिला मारू नकोस."

न्यान बाई झाली नाही. ती दुकानात बसू लागली. पहिले कित्येक महिने तिचं कापड तिरकंच फाटायचं आणि थोआ "पुन्हा" म्हणायची. कधी तरी पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते कापडासाठी नसायचं, हे दोघींना कळायचं. सरकारी नोकरांनी थोआला बोलावणं बंद केलं. मग त्यांच्याकडेही माणसं मरू लागली आणि त्यांना हळूहळू आठवण झाली. खान्ह मास्तरांची आई गेली तेव्हा ते स्वतः आले, पायात बूट नव्हते. "मेलेली तुझी कोण?" थोआने विचारलं. "आई," ते म्हणाले. तिने त्यांना एक टोक लांब आणि एक आखूड ठेवून बांधली, कारण म्हातारे वडील घरी होते. इतरांइतकीच नीट.

बापाचं सुतक तिसऱ्या वर्षात फिटतं. तो दिवस आला तेव्हा थोआने धूप, पान आणि चिकट भाताचा वाडगा घेतला आणि विधी घरी न मांडता शाळेच्या फाटकासमोर मांडला. शाळेतून काढलेल्या मुली आल्या, कुणी कडेवर मूल घेऊन. सगळ्यांच्या पट्ट्या टोकं आत खोचलेल्या, कारण सगळ्यांचे आईबाप अजून होते. तसे ते राहिलेही होते, दम्यासकट. काडी लिएमने ओढली. वारा होता म्हणून तीन वाया गेल्या, चौथी त्याने तळहाताच्या आडोशाला धरली, राळेची शेगडी पेटवताना धरायचा तशी.

कापड धुरकटलं. वरची खिडकी उघडली आणि खान्ह मास्तर वाकून ओरडले, पूर्वीच्याच आवाजात, "फाटकापुढे काय चाललंय हे?"

थोआने वर पाहिलंही नाही. ती जळत्या पट्ट्या काडीने सारख्या करत होती.

"सुतक फिटतंय, मास्तर," ती म्हणाली. "घरचं माणूस होतं."